एल्कच्या टॅगची वाटणी: टक्के कुणाचे, टॅग कुणाचा

मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूरच्या पट्ट्यात रानडुकरांनी रातोरात मका लोळवला किंवा काळविटांच्या कळपाने हरभऱ्याचे शेंडे खुडले, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अमेरिकेत बघा, परवाना देऊन शिकार करायला लावतात. जनावरंही आटोक्यात राहतात, सरकारलाही पैसा मिळतो." वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. परवाने मोजके असतात आणि मागणारे कितीतरी पट. मग ते द्यायचे कुणाला, यावर तिकडच्या पश्चिमेकडच्या राज्यांत पन्नासेक वर्षं भांडण चालू आहे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन झालं, जनमत घेऊन झालं, संसदेत कायदा करून झाला. तरी मिटलेलं नाही.

भांडणारे तिघे. त्या राज्यात राहणारा शिकारी, म्हणजे रेसिडेंट. दुसऱ्या राज्यातून येणारा नॉन-रेसिडेंट. आणि तिसरा आउटफिटर: बाहेरून आलेल्याला घोडे, तंबू, स्वयंपाकी आणि वाटाड्या पुरवून त्यावर पोट भरणारा व्यावसायिक.

आधी टॅग म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. लायसन्स म्हणजे शिकार करण्याची परवानगी आणि टॅग म्हणजे एक जनावर. बहुतेक ठिकाणी ती कागदाची पट्टी असते, अलीकडे काही राज्यांनी मोबाइलवरही आणली आहे. पट्टीवर छापलेलं असतं: प्राणी कोणता (एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, म्युल डिअर नावाचं हरीण, काळविटासारखा दिसणारा प्राँगहॉर्न), नर की मादी, कोणतं युनिट (शिकारीसाठी आखलेला भाग), हत्यार कोणतं (धनुष्य, ठासणीची बंदूक की रायफल) आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. जनावर पडलं की जागेवरच तारीख घालायची, सही करायची आणि पट्टी धडाला बांधायची. न बांधता धड हलवलं तर गुन्हा. दुसऱ्याच्या नावाची पट्टी बांधली तर मोठा गुन्हा.

टॅग किती काढायचे हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि तो हिशेब तसा सरळ आहे. हिवाळ्यात कळप खाली उतरतात तेव्हा हेलिकॉप्टरमधून किंवा विमानातून मोजणी होते. शंभर माद्यांमागे नर किती, पिल्लं किती, हे पाहतात. समजा एका युनिटातून या वर्षी ६० नर काढले तरी कळपाला धक्का नाही असं ठरलं, आणि तिथे शंभरातल्या तीस शिकाऱ्यांनाच जनावर मिळतं असा मागचा अनुभव आहे, तर २०० टॅग निघतात. इथवर जीवशास्त्र. यापुढे राजकारण.

राजकारणाचं मूळ असं, की जमीन एकाची आणि जनावर दुसऱ्याचं. वायोमिंग, कोलोरॅडो, मोंटाना, न्यू मेक्सिको इथले डोंगर-जंगल मोठ्या प्रमाणात केंद्राच्या ताब्यात आहे. फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही त्यातली दोन मोठी खाती. म्हणजे ती जमीन देशभरातल्या करदात्यांची. पण जमिनीवर चरणारा एल्क राज्याच्या अखत्यारीत. जनतेच्या वतीने त्याची राखण राज्याने करायची. बाहेरचा म्हणतो, जंगल माझंही आहे. स्थानिक म्हणतो, जंगलात हवं तितकं फीर बाबा, पण जनावर आम्ही सांभाळलंय.

मोंटानात १९७६ साली स्थानिकाला एल्कचं लायसन्स ९ डॉलरला मिळायचं. बाहेरच्याला एकटं एल्कचं लायसन्स मिळतच नसे. २२५ डॉलरचं एकत्रित लायसन्स घ्यावं लागे. यावर मिनेसोटाचे शिकारी कोर्टात गेले, आणि त्यांच्या सोबत अर्जदार कोण होता, तर मोंटानाचाच एक आउटफिटर. स्वतः स्थानिक, पण गिऱ्हाइकं बहुतेक बाहेरची. या तिढ्यात कोण कुणाच्या बाजूला उभा राहतो ते त्या एका नावावरून कळतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. एल्कची शिकार हा खेळ आहे, रोजीरोटीचा मूलभूत हक्क नव्हे, म्हणून राज्य बाहेरच्याला जास्त पैसे लावू शकतं.

पुढचा वाद ॲरिझोनाचा. तिथे एल्कचे आणि काही भागांतल्या हरणांचे जास्तीत जास्त १० टक्के टॅग बाहेरच्यांना, अशी मर्यादा होती. २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयाने विचारलं, की हा दोन राज्यांमधल्या व्यापाराला अडथळा नाही का? कारण शिकारीभोवती हॉटेलं, वाटाडे, शिंगांची विक्री असा सगळा धंदा उभा असतो. २००४ मध्ये मर्यादेच्या अंमलबजावणीवर बंदी आली आणि पश्चिमेकडच्या सगळ्याच राज्यांचं धाबं दणाणलं. शेवटी २००५ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला: रेसिडेंट आणि नॉन-रेसिडेंट असा भेद करण्याचा अधिकार राज्यांचा, व्यापाराचं कलम पुढे करून त्यात ढवळाढवळ नको. आजच्या सगळ्या टक्केवाऱ्या त्या कायद्याच्या आधारावर उभ्या आहेत.

ज्या घराने नीटचं समुपदेशन पाहिलंय त्याला या टक्केवाऱ्या समजायला पाच मिनिटं लागणार नाहीत. सरकारी मेडिकलला ८५ टक्के राज्याचे, १५ टक्के अखिल भारतीय. खाजगीत वर मॅनेजमेंटचा कोटा. तिकडे वायोमिंगमध्ये एल्कचे ८४ टक्के स्थानिकांना, १६ टक्के बाहेरच्यांना. हरीण आणि प्राँगहॉर्नला ८० आणि २०. बिगहॉर्न मेंढा, मूस यांच्यासारख्या दुर्मिळ जनावरांना २०२३ पासून ९० आणि १०. न्यू मेक्सिकोत तीन हिस्से: ८४ टक्के स्थानिक, १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्या अर्जदारांचा, ६ टक्के स्वतःच्या जोरावर येणाऱ्या बाहेरच्यांचा. ओरेगॉनमध्ये हरीण आणि एल्कला बाहेरच्यांसाठी ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

आकडे वाचून कुठलं राज्य उदार आणि कुठलं कंजूष असं ठरवायला जाऊ नये. घोडं पेंड खातं ते पुढे.

पहिलं म्हणजे टक्के कशाचे? वायोमिंगमध्ये पात्र जमीनमालकांचे टॅग आधीच बाजूला निघतात. न्यू मेक्सिकोत खाजगी जमिनीवरच्या एल्कची वेगळी योजना आहे, ई-प्लस नावाची. त्यातली परवानगी जमीनमालकाला मिळते आणि ती तो विकू शकतो. घेणारा बहुधा बाहेरचा असतो, मध्ये बहुधा आउटफिटर असतो. ही परवानगी ८४-१०-६ च्या हिशेबात धरलेलीच नाही. म्हणजे राज्यात एकूण जितके एल्कचे परवाने निघतात त्यांतला स्थानिकांचा वाटा ८४ पेक्षा बराच खाली येतो. "आमच्याकडे ८४ टक्के स्थानिकांना" हे कागदावर खरं आहे, एवढंच.

दुसरी गोष्ट 'जास्तीत जास्त' आणि 'राखीव' यांतला फरक. ॲरिझोनाचे १० टक्के हे छत आहे. सोडतीत बाहेरच्यांची नावं कमी निघाली तर चार टक्क्यांवरही गाडी थांबते. राखीव हिस्सा असला की तेवढे टॅग त्यांनाच मिळतात, उरले तरच दुसऱ्याकडे जातात. नियम वाचताना हा एक शब्द सुटला तर पुढचा सगळा अंदाज चुकतो.

तिसरी गोष्ट अपूर्णांकांची, आणि इथेच सगळ्यात जास्त अन्याय बिनबोभाट होतो. ८४-१०-६ ची विभागणी घेऊ आणि अर्धा किंवा जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली, असा शाळेतला नियम लावू. युनिटात ४० टॅग असतील तर ३३.६, ४ आणि २.४, म्हणजे ३४, ४ आणि २. ठीक बसलं. आता दुर्मिळ हंट (एका युनिटातली ठराविक जनावर, हत्यार आणि तारखांची शिकार) घ्या, फक्त ५ टॅग. ४.२, ०.५, ०.३. म्हणजे ४, १ आणि शून्य. आउटफिटरचा हिस्सा दहावरून एकदम वीस टक्के झाला आणि स्वतः येणारा बाहेरचा साफ गेला. टॅग ४ असतील तर ३.३६, ०.४, ०.२४; बेरीज ३ होते, एक टॅग हवेत. टॅग ९ असतील तर ७.५६, ०.९, ०.५४, बेरीज १० होते, एक टॅग जास्त. हे शुद्ध गणित आहे. हवेतला किंवा जास्तीचा टॅग कुणाच्या पदरात घालायचा हे प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने ठरवतं. पण तो नियम कुणी वाचत नाही. सुनावणीला शंभर माणसं टक्क्यांवर बोलतात आणि सगळ्यात मोलाचे टॅग, म्हणजे तीन-चार-पाचचे छोटे हंट, अपूर्णांकाच्या कलमाने वाटले जातात. यावर साधा उपाय आहे. असे छोटे हंट एकत्र धरायचे, एकूण संख्येवर टक्के लावायचे आणि कुठल्या हंटमध्ये बाहेरच्याचा टॅग पडेल ते सोडतीने ठरवायचं.

आता बाहेरच्याच्या हिश्श्यातही उपहिस्से असतात. वायोमिंगचंच उदाहरण करून बघा. एका युनिटात एल्कचे १०० टॅग. बाहेरच्यांना १६. त्या सोळाचे दोन भाग: ४० टक्के 'स्पेशल', ६० टक्के 'रेग्युलर'. जनावर तेच, डोंगर तोच, तारखा त्याच. फरक फक्त पैशाचा. २०२४ पासून रेग्युलर एल्क ६९२ डॉलर तर स्पेशल १,९५० डॉलर. (स्थानिकाला ५७.) जास्त पैसे भरणारे कमी, म्हणून त्या रांगेत नंबर लागण्याची शक्यता सहसा जास्त. तर रेग्युलरला साधारण दहा टॅग. त्यातले ७५ टक्के साठवलेल्या पॉइंटांच्या (नंबर न लागलेल्या वर्षांच्या जमेच्या) क्रमाने, २५ टक्के निव्वळ चिठ्ठीने. म्हणजे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या, शून्य पॉइंटवाल्या बाहेरच्या माणसासाठी शंभरातले दोन किंवा तीन टॅग खुले राहिले, आणि खिसा जड असेल तर स्पेशलमधले आणखी एक-दोन. "१६ टक्के बाहेरच्यांना" या वाक्याच्या पोटात एवढं सगळं आहे.

पॉइंटांची पद्धत मुळात चांगल्या हेतूने आली. यंदा नंबर लागला नाही तर एक पॉइंट, पुढच्या वर्षी तू पुढे. पण हिशेब करा. एका हंटला दरवर्षी १० टॅग, रांगेत ४०० जण आणि दरवर्षी नवे ६० येतात. दहा जण बाहेर पडतात, रांग दरवर्षी पन्नासाने वाढते. आज शेवटी उभा राहिलेला चाळीस वर्षांनी पुढे येईल, आणि आज तो चाळिशीचा असेल तर ऐंशीव्या वर्षी दहा हजार फुटांवर एल्कच्या मागे धावेल. याला तिकडे 'पॉइंट क्रीप' म्हणतात. कोलोरॅडोत हरीण-एल्कला प्रामुख्याने पॉइंटांचाच क्रम चालतो, म्हणून चांगल्या युनिटांत हा रोग जास्त. नेवाडाने वेगळी वाट धरली: पॉइंटांचा वर्ग करायचा आणि त्यात चालू अर्जाचा एक मिळवायचा. दहा पॉइंटवाल्याच्या नावाच्या १०१ चिठ्ठ्या, नवख्याची एक. जुन्याला मोठा फायदा, पण नव्याला दार पूर्ण बंद नाही. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, दरवर्षी पाटी कोरी. माझ्या मते मोठ्या हंटला न्यू मेक्सिकोची पद्धत सगळ्यात प्रामाणिक, कारण तिथे कुणी कुणाला वीस वर्षं आशेवर पैसे भरायला लावत नाही. पॉइंटाचं शुल्क हे खात्याचं ठरलेलं उत्पन्न होऊन बसलं, की ती पद्धत मोडायला खात्यातलं कुणी पुढे येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्थानिकांच्या विरोधात सांगायला हवी. ५७ डॉलर भरून ८४ टक्के टॅग घेणाऱ्याच्या जिवावर वन्यजीव खातं चालत नाही. बाहेरच्याच्या टॅगचा दर बारापट-तीसपट असतो आणि लायसन्सच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा तिथून येतो. दुसरा स्रोत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा: रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के केंद्रीय कर, आणि त्याचा मोठा भाग राज्यांना वाटताना निम्मा क्षेत्रफळावर, निम्मा लायसन्सधारकांच्या संख्येवर. म्हणून बाहेरच्यांचा हिस्सा १६ वरून ६ वर आणा म्हणणाऱ्याने स्थानिक टॅगचा दर किती वाढवायचा तेही सांगावं. सुनावणीत हे बोलणारे फार थोडे.

आता आउटफिटर. त्याला नुसता दलाल म्हणून उडवून लावता येत नाही. मोठ्या नर एल्कचं वजन ३०० किलोच्या वर जातं. गाडीरस्त्यापासून दहा-बारा किलोमीटर आत, उतारावर, सप्टेंबरच्या उन्हात तो पडला तर काही तासांत मांस खराब व्हायला लागतं. चार फऱ्या, पाठीवर तीस-तीस किलो. खाण्यालायक मांस जंगलात सोडून देणं हाही गुन्हा. अशा वेळी ज्याच्याकडे खेचरं आहेत त्याची किंमत कळते. आउटफिटरला केंद्राच्या जमिनीवर धंदा करायला परवाना लागतो, त्यात वर्षाचे 'वापर-दिवस' ठरलेले, उत्पन्नाच्या साधारण ३ टक्के शुल्क, शिवाय विमा, आणि जनावरांना बारा महिने चारा. गिऱ्हाईक पक्कं होतं ते टॅग हातात पडल्यावर. सोडतीचा निकाल वसंतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी, हंगाम सप्टेंबरला. सोडत रुसली तर वर्ष गेलं. म्हणून तो म्हणतो, मला काही टॅग हमखास द्या.

मोंटानाने दिले होते. बाहेरच्यांसाठी एल्क-हरीण एकत्रित लायसन्सची वरची मर्यादा १७,०००, त्यातली ५,५०० आउटफिटरच्या गिऱ्हाइकांना विनासोडत, फक्त दर चढा. नोव्हेंबर २०१० मध्ये 'आय-१६१' या प्रस्तावावर मतदान झालं आणि लोकांनी ही सोय काढून टाकली. सर्वसाधारण दर मात्र ६२८ वरून ८९७ डॉलरवर नेला. विरोधाचं कारण हक्काचं होतं तितकंच जमिनीचंही. गिऱ्हाईक हमखास असलं की आउटफिटर चांगली रानं भाडेपट्ट्याने घेतो, फाटकाला कुलूप लावतो आणि ज्या माळावर गावातली पोरं विचारून शिकार करत होती तिथे 'प्रवेश बंद' लागतं. प्रत्यक्षात काय झालं? दर एकदम वाढला, मंदीचे दिवस होते, आणि पुढच्याच वर्षी सगळी लायसन्स खपली नाहीत. खात्याच्या तिजोरीचा अंदाज चुकला. आणि भाडेपट्टे काही संपले नाहीत, कारण पैसेवाला गिऱ्हाईक सोडतीतूनही येतोच.

न्यू मेक्सिकोचा १० टक्क्यांचा हिस्सा हमी देत नाही. वेगळी, छोटी रांग देतो. अर्ज करण्याआधी नोंदणीकृत आउटफिटरशी करार हवा, त्याचा क्रमांक अर्जात घालायचा, आणि शिकारीत किमान दोन दिवस तो किंवा त्याचा वाटाड्या सोबत हवा. या रांगेत स्थानिकही उभा राहू शकतो. कागदावर उत्तम. बिघडतं ते असं: दहा टक्क्यांच्या रांगेत शक्यता जास्त आहे हे कळल्यावर नुसत्या करारापुरते आउटफिटर उगवतात. थोडे पैसे घ्यायचे, क्रमांक द्यायचा, दोन दिवस कुठल्यातरी पोराला तंबूत पाठवायचा. ज्याने खेचरं पाळली त्याचंच गिऱ्हाईक मग त्या गर्दीत मागे पडतं.

वायोमिंगची तऱ्हा तिसरी. तिथे आउटफिटरला टॅगचा हिस्सा नाही, पण बाहेरच्याला संरक्षित 'वाइल्डरनेस' क्षेत्रात मोठ्या जनावराची शिकार करायची तर परवानाधारक वाटाड्या किंवा मोफत परवाना काढून सोबत येणारा एखादा स्थानिक लागतोच. कारण सुरक्षेचं सांगतात. त्याच रानात तोच माणूस एकटा मासे पकडू शकतो, आठ दिवस भटकू शकतो, तंबू ठोकू शकतो. फक्त एल्कच्या मागे गेला की त्याच्या जिवाला धोका! हे कलम सुरक्षेचं आहे यावर कुणाचा विश्वास बसत असेल असं वाटत नाही.

तिन्ही पाहून माझा कल न्यू मेक्सिकोकडे, पण चार खिळे ठोकून. टॅग गिऱ्हाइकाच्याच नावाने निघावा आणि बदलता येऊ नये. आउटफिटरच्या नावाने एकही नको. दोन दिवसांऐवजी हंगामाचा बहुतेक काळ सेवा द्यावी लागावी, आणि त्या आउटफिटरकडे त्याच युनिटात धंद्याचा केंद्रीय परवाना असावा. नुसते क्रमांक विकणारे यात आपोआप गळतात. न उचललेले टॅग आउटफिटरकडे न राहता सर्वसाधारण सोडतीत परत जावेत. आणि पाचपेक्षा कमी टॅगच्या हंटला हा हिस्सा लागूच करू नये. वाटणी कशीही करा, सार्वजनिक जनावराचा टॅग व्यापाऱ्याच्या गल्ल्यात माल म्हणून पडून राहता कामा नये.

आपल्याकडे यातलं काहीच लागू नाही असं वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात 'बिग गेम' शिकारीच्या लायसन्सची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. आज नान्नजच्या माळावरचं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं म्हणून त्याला मारण्याची परवानगी देता येत नाही, माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा ते बरं न होण्याइतकं जायबंदी वा आजारी असेल तरच. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, तिथे उभ्या पिकाचं नुकसान हे कारण चालतं, पण तीही वनखात्याची परवानगी, खेळाचं लायसन्स नव्हे. म्हणजे टपरीवरचं ते वाक्य इथे आणायचं तर आधी कायदाच बदलावा लागेल, आणि बदलला तर पहिला प्रश्न हाच येईल: परवाना ज्याचा मका लोळला त्या शेतकऱ्याला, बंदुकीचं लायसन्स असलेल्या गावातल्या माणसाला, की पुण्या-मुंबईहून जीप घेऊन येणाऱ्या पाहुण्याला आणि त्याची सोय लावणाऱ्याला?

शेवटी थोडं कामाचं, कारण सोलापूरची बरीच मुलं डेन्व्हर, फिनिक्स, सॉल्ट लेक सिटीला नोकरीला आहेत आणि त्यातली काही या नादाला लागतात.

रेसिडेंट कोण हे प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं. न्यू मेक्सिकोत ९० दिवस, मोंटानात १८० दिवस, कोलोरॅडो, युटा आणि ॲरिझोनात सहा महिने, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष. हे दिवस अर्जाच्या किंवा खरेदीच्या तारखेपर्यंत पुरे झालेले हवेत. नोकरी बदलून डेन्व्हरहून वायोमिंगच्या शायानला गेलात तर वर्षभर तुम्ही कुठलेच रेसिडेंट नसता, आणि त्या काळात जुन्या राज्याचा पत्ता वापरून अर्ज भरला तर ती लबाडी धरली जाते. बऱ्याच राज्यांनी आपसांत करार केलेला आहे. एकात लायसन्स निलंबित झालं की बाकीच्यांतही बंद.

एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण वैध शिकारीचं लायसन्स हातात असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सक्तीचा), मग लायसन्स, मग बंदूक. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. बंदूक कपाटात असली तरी.

अर्जात पैसे कधी जातात ते बघा. न्यू मेक्सिकोत टॅगची पूर्ण रक्कम आधी भरायची, नंबर लागला नाही तर परत येते. कोलोरॅडोत नंबर लागल्यावर कार्डावरून कापतात, पण अर्जाआधी एक पात्रता लायसन्स विकत घ्यावं लागतं. ॲरिझोना, युटामध्येही आधी साधं लायसन्स, आणि ते पैसे सोडतीचं काहीही झालं तरी गेले. मध्यंतरी कार्ड बदललं आणि नवं टाकायला विसरलं म्हणून नंबर लागूनही टॅग हुकलेली माणसं दरवर्षी निघतात.

मित्रांनी मिळून एकत्र अर्ज भरताना पॉइंट विचारून घ्या. वायोमिंग गटाची सरासरी काढतं, कोलोरॅडो गटातल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचा आकडा सगळ्यांना लावतं. बारा पॉइंटवाल्याने हौसेने नव्या मेव्हण्याला सोबत घेतलं तर कोलोरॅडोत दोघंही शून्यावर. कोलोरॅडो असो की वायोमिंग, पॉइंट खर्ची पडतात ते पहिल्या पसंतीवर. त्यामुळे पहिली पसंती मोठ्या हंटची, दुसरी हमखास मिळणाऱ्या मादीच्या टॅगची, असा अर्ज भरला तर मांसही मिळतं आणि पॉइंटही वाढतात. हंट कोड मात्र दोनदा तपासा. एक अक्षर चुकलं की रायफलऐवजी धनुष्याचा टॅग येतो.

कोलोरॅडोत आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला बाहेरच्यांना धनुष्याचे एल्क टॅग २०२४ पर्यंत दुकानात सरळ मिळायचे. आता त्यांनाही सोडत आहे. जुने व्हिडिओ पाहून ऑगस्टमध्ये थेट दुकानात जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सोडतीनंतर उरलेल्या आणि परत आलेल्या टॅगची यादी निघते, बहुतेक मादीचे किंवा अवघड युनिटांतले. ती निघाली की पहिल्या तासाभरात चांगले टॅग संपतात, तेव्हा खातं उघडून, कार्ड टाकून, हंट कोड समोर लिहून बसावं.